एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बंगल्यात तीस वर्षं गीझर आहे, कुणाला साध्या झिणझिण्याही आल्या नाहीत. अर्थिंग आहे, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) आहे, बटण बंद करूनच अंघोळीला जायची शिस्त आहे. मागे बाथरूम नवं केलं तेव्हा बसवलेला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पावसाळ्यात सारखा पडायला, म्हणजे आपोआप बंद व्हायला लागला, म्हणून वायरमनने तो बायपास करून दिला. आणि गीझरला आरसीसीबी हवाच असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतोय.

एमसीबी असतो वायरिंगसाठी, माणसासाठी नाही. 2 किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर जेमतेम 9 ॲम्पिअर घेतो, त्याला 16 ॲम्पिअरचा एमसीबी. ओल्या अंगातून 0.1 ॲम्पिअर गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि एवढ्याशा करंटचा एमसीबीला पत्ताही लागत नाही. अर्थिंग आहे म्हणता, पण अर्थिंगची पट्टी जिथे पुरलीय त्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी घातलंत? कोरड्या पडलेल्या खड्ड्याचा रोध 20 ओहम भरला, तर फेज (वीज घेऊन येणारी वायर) सरळ टाकीला चिकटली तरी 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा ॲम्पिअर. सोळाचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि टाकीत करंट तसाच राहील. आरसीसीबी वजाबाकी करतो: फेजने किती गेला, न्यूट्रलने किती परत आला. 30 मिलिॲम्पिअरचा फरक दिसला की तो पडतो.

आता ती तीस वर्षं. बाथरूम नवं होण्याआधी गीझरला जीआयचे पाइप असणार. जमिनीत गेलेले ते लोखंडी पाइप कुणी न सांगता अर्थिंगचं काम करत होते. टाकीत उतरलेला करंट गुपचूप मातीत जात होता. नव्या कामात प्लंबर सीपीव्हीसी टाकतो आणि ती वाट बंद होते. पाइप प्लास्टिकचा असला तरी आतलं पाणी वीज वाहून नेतंच, आणि त्या पाण्याच्या टोकाला शॉवरखालचा माणूस असतो. म्हणजे जुना अनुभव खरा, पण तो जुन्या बाथरूमचा.

आरसीसीबी पडत होता त्याला बहुधा कारण होतं. गीझरच्या एलिमेंटमध्ये धातूच्या नळीत नायक्रोमची तार असते आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळीला बारीक छिद्र पडलं की पूड ओल धरते आणि करंट गळायला लागतो. पाणी मात्र रोजच्यासारखंच तापतं, त्यामुळे बिघाड झालाय असं कुणालाच वाटत नाही. (तुमचे वायरमन त्यावर 'यंत्रच नाजूक आहे' म्हणाले. धन्य आहे!)

त्यांनी आणखी एक उद्योग केला नाही ना, तेवढं बघा. सॉकेटपर्यंत अर्थिंगची हिरवी वायर आलीच नसेल, तर काही जण तिथेच न्यूट्रलवरून तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडतात. टेस्ट लॅम्प झकास पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण पुढे न्यूट्रल कुठे तुटला, तर गीझर चालू करताच एलिमेंटमधून फेज येऊन अख्खी टाकी 230 व्होल्टवर. शिवाय गळणारा करंट न्यूट्रलनेच परत जातो, त्यामुळे आरसीसीबीची वजाबाकीही चुकते. दुसऱ्या, परवानाधारक वायरमनकडून आरसीसीबी परत जोडून घ्या आणि त्या सॉकेटमध्ये फेज ते अर्थ दिवा लावून बघायला सांगा. आरसीसीबी लगेच पडायला हवा. दिवा पेटून तसाच राहिला, तर तुमचं अर्थिंग म्हणजे न्यूट्रलच आहे.

बटण बंद करायची शिस्त अजिबात सोडू नका. फक्त ते बटण सिंगल पोल असेल तर एकच वायर तोडतं. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर बटण बंद आणि एलिमेंटवर फेज कायम. गीझरला दोन्ही वायर तोडणारा डबल पोल स्विचच हवा.

जोडल्यावर आरसीसीबी पुन्हा पडलाच, तर गीझरचा प्लग काढून बघा. पडायचा थांबला तर दोष गीझरमध्ये. एलिमेंट मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून बदलून घ्या, तोवर चुलीवर पाणी तापवा. प्लग काढूनही पडत असेल, तर ओल वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणात आहे, ती शोधावी लागेल. अख्ख्या घराला मिळून एकच आरसीसीबी असेल तर सगळीकडची थोडी थोडी गळती एकत्र होऊनही तो पडतो. तसं असेल तर बाथरूमला वेगळा बसवा, आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघत जा.