भूपातला मध्यम

गाणं ऐकायला एक ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि बरा कान एवढं पुरतं. दोन गाण्यांच्या मधली शांतता ऐकायची असेल तर मात्र वायरमन, मिठाची पिशवी, कोळसा, टेस्टर आणि घरच्यांची सहनशक्ती लागते. यातलं शेवटचं भुसावळच्या बाजारात मिळत नाही.

आमच्याकडे ॲम्प चालू केला की गाण्याच्या आधीच काहीतरी सुरू व्हायचं. घुंऽऽ. बारीक, अखंड. आतल्या खोलीतून मायने विचारलं, “कोन घोरी ऱ्हायनं रे तठे?” शेजारचे नाना भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, घरी जाऊन पेटीवर बोट ठेवून पाहिलं आणि परत येऊन निकाल दिला, “पांढरी पाच. पार खर्जातली. पण जरा चढी आहे.”

नानांचा कान बिनचूक. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते आणि त्या खर्जातली पांढरी पाच पडते ४९ च्या जवळ. इथवर ठीक. पण आमच्या सीडीतले बुवा काळी एकमध्ये भूप गातात, आणि काळी एकला षड्ज, म्हणजे सा, धरला की पांढरी पाच येते थेट तीव्र मध्यमावर. भूपात मध्यम नसतो. शुद्ध नाही नि तीव्रही नाही. आमच्या घरी होता. बुवा जीव तोडून तो टाळायचे आणि आमचा ॲम्प तो मागून पुरवत राहायचा. तीव्र मध्यमाचा यमन मात्र आमच्याकडे फार भरून यायचा.

गुन्हेगार शोधताना माणूस आधी मोठ्या मंडळींकडे बोट दाखवतो. मी दीपनगरपासून सुरुवात केली. वीज केंद्र इतकं जवळ म्हटल्यावर आपल्याकडे वीज जरा ताजीच येत असणार, आणि ताज्या विजेला उसळी जास्त, असा माझा सिद्धांत होता. तो कोणी ऐकून घेईना. मग रेल्वे. पलीकडच्या गल्लीतले काका इंजिन चालवून रिटायर झालेले. त्यांना म्हटलं, रुळांवरच्या तारेमुळे तर नसेल? काका दुखावले. “आमची तार २५ हजार व्होल्टची आहे. ती तुमच्या ॲम्पच्या भानगडीत कशाला पडेल?” त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. घरातली भानगड घरातच असते.

मग आप्पा वायरमन आले. आप्पांची पद्धत अशी, की आधी टेस्टर खिशातून काढायचा, मग चहा मागायचा आणि चहा येईपर्यंत याआधी ज्यानं वायरिंग केलं त्याची अक्कल काढायची. आमचं वायरिंग आप्पांनीच केलेलं होतं. त्याची आठवण करून दिल्यावर ते म्हणाले, “तेव्हा माल चांगला मिळत नव्हता भाऊ.” बोर्ड उघडून, दिवा लावून, कपाळावर आठ्या आणून शेवटी ते परसात गेले आणि अर्थिंगच्या खड्ड्याजवळ उकिडवे बसले.

खानदेशातली काळी माती पावसाळ्यात चपला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. होळी होऊन गेली होती. अर्थिंगच्या पाइपाभोवती मातीनं अशी गोल फट सोडली होती, की आमच्या चिरंजीवांच्या हरवलेल्या गोट्या, एक चमचा आणि नानांच्या पेटीचा एक स्क्रू तिथे सापडला. पाइप जमिनीत होता, पण जमिनीला लागलेला नव्हता. आप्पांनी फट उकरली, कोळसा आणि जाडं मीठ थराथरानं भरलं आणि हुकूम सोडला, “रोज सकाळी दोन बादल्या पाणी.”

आमच्याकडे नळ रोज येत नाही. आल्यावर जे भरून ठेवायचं त्याचा हिशेब मायच्या डोक्यात तांब्यापर्यंत असतो. पहिली बादली खड्ड्यात गेली तेव्हा ती ओट्यावरून बघत होती. “झाडले पानी नही नि खड्डाले पानी!” आता भांड्यांचं धुणवण तिकडे जातं. जमिनीला त्याचं काही वाटत नाही.

अर्थिंगनं घुं कमी झाली, गेली नाही. तेव्हा आप्पांनी ती युक्ती सांगितली, जी खरं म्हणजे सगळ्यात आधी करायची असते आणि फुकट असते. ॲम्प नुसता चालू ठेवायचा, गाणं लावायचं नाही, आवाज थोडा वाढवायचा आणि त्याचा एक बोर्ड सोडून घरातलं एकेक काही बंद करत जायचं. आवाज कशानं जातो ते बघायचं. मी स्पीकरला कान लावून बसलो. लेकाला बाहेर एमसीबीजवळ उभं केलं. तो एकेक खटका पाडायचा आणि ओरडायचा, “गेली?”

मी आतून, “नाही! आहे अजून!”

खटका. “आता गेली?”

“नाही रे! पण हळू झाली!”

संध्याकाळची वेळ, गल्ली दारात बसलेली. पाचेक मिनिटांत समोरच्या काकू डोक्यावर पदर घेऊन आल्या, मागून आणखी दोघी. त्यांनी लेकाला जवळ घेतलं, हलक्या आवाजात विचारलं, “कधीपासून असं आहे?” लेक म्हणाला, “फेब्रुवारीपासून.” तेवढ्यात माय सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि ज्या नजरेनं पाहिलं ते माय अजून विसरलेली नाही.

पण त्या संध्याकाळी दोन चोर सापडले. पहिला पंख्याचा रेग्युलेटर. गोल फिरवायचा जो मिळतो तो विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा तुकडा कापून पंखा हळू करतो, आणि हे कापणं सेकंदाला १०० वेळा चालतं. प्रत्येक कापाची कड तीक्ष्ण असते; तीच वायरींवरून चालत येऊन स्पीकरमध्ये भणभणते. पंखा फुल असला तर भणभण कमी, मधल्या वेगावर सगळ्यात जास्त. मायला नेमका मधला वेग लागतो. मी म्हटलं, गाण्यापुरता पंखा बंद ठेवू. पारा चाळिशीकडे निघाला होता. “पंखा बंद करू नको रे भाऊ, जीव जाई मना.” भूप की माय असा प्रश्न आल्यावर मी दुकानात गेलो.

पूर्वीचे ते काळे, चपट्या डब्याएवढे रेग्युलेटर भणभणत नसत. ते जास्तीची वीज आतल्या तारेत जाळून पंखा हळू करत आणि स्वतः तापत. आता खटक्यांचे मिळतात, आत कपॅसिटर असलेले. ते लाट कापत नाहीत. तो बसवला आणि भणभण खरोखर गेली. तक्रार एकच राहिली. मायला जो वारा हवा असतो तो दोन आणि तीनच्या मधे येतो, आणि तिथे खटका नाही.

दुसरा चोर गच्चीवर होता. टीव्हीचा आवाज आम्ही ॲम्पमधून घेतो. ॲम्पला बोर्डातून अर्थिंग आलेलं. डिशच्या छत्रीचा लोखंडी पाय स्लॅबच्या सळईला टेकलेला, म्हणजे तिला तिचं वेगळं अर्थिंग. दोन्हींच्या पातळीत थोडा फरक असतो, आणि मग ती दोन अर्थिंगं आपसात जी देवाणघेवाण करतात ती नेमकी गाण्याच्या वायरीच्या जाळीतून करतात. डिशची केबल उपसली की भूपातला मध्यम गायब. खोचली की हजर. पण केबल उपसली की मायची मालिकाही गायब, त्यामुळे हा उपाय फार वेळ टिकला नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. भाच्यानं सांगितलं, “मामा, ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका, लगेच जाते घुं.” जाते, खरं आहे. पण ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब ठेवली आहे ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. ती काढली आणि उद्या आत एखादी वायर सुटून डब्याला टेकली, तर आवाज जाईलच, सोबत ऐकणाराही जाईल. भाच्याला जेवू घालून परत पाठवला. पुण्याचा एक मित्र म्हणाला, पॉवर केबल बदल. त्यानं किंमत सांगितली. तेवढ्यात वरखेडीच्या बाजारात एक बरा बैल येईल. डीपीपासून माझ्या भिंतीपर्यंत जी तार येते तिच्यावर कावळे बसतात आणि लग्नसराईत कोणाकोणाचे आकडे पडतात. तिच्यातून इतके खांब ओलांडून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये सुधारेल, यावर माझा विश्वास बसेना.

उपाय काहीशे रुपयांचाच निघाला. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी. आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर. इकडची तार तिकडच्या तारेला शिवत नाही, गाणं तेवढं पलीकडे जातं. ती टीव्हीच्या वायरीवर बसवली. स्वस्तातली डबी खालचे सूर थोडे खाते म्हणतात, पण मालिकांमधल्या सासूला खर्ज कमी पडला तर माझी हरकत नाही. टीव्ही, डिशचा डबा आणि ॲम्प, तिघांच्या पिना एकाच बोर्डावर आणल्या. मोबाइलचा एक किरकिऱ्या चार्जर स्वयंपाकघरात धाडला.

हे सगळं जुळून आलं तोवर मे उजाडला होता. पारा ४५ च्या घरात, आणि दिवाणखान्यात लोखंडी कूलर अहोरात्र चालू. तो असा गर्जतो, की समोरासमोर बसलेली माणसं खुणांनी चहा मागतात. त्यात घुं तर सोडाच, बुवाही ऐकू येत नाहीत. आप्पा पैशांना आले तेव्हा मी ओरडून सांगितलं, “पावसाळ्यात कूलर बंद झाल्यावर ऐकून बघतो, घुं नसेल तर लगेच देतो.”

आप्पांनी उठून कूलरचं बटण बंद केलं, म्हणजे पुढचं मला नीट ऐकू यावं. “आत्ताच द्या भाऊ. पाऊस पडला की माती फुगते, पाइपाला चिकटते, अर्थिंग आपोआप भारी होतं. मग तुम्ही म्हणाल, हे आप्पानं नाही, पावसानं केलं.”

पैसे दिले. आतून मायचा आवाज आला, कूलर कोणी बंद केला म्हणून.