खिशात ५०० रुपये आणि दारात आजारी बोका

"परवडत नसेल तर मांजराच्या नादाला लागू नये," असं परवा एकानं कट्ट्यावर सुनावलं. मला हे अजिबात पटलेलं नाही. भटक्या मांजराला मालकच नसतो, मग परवडणारा माणूस येणार कुठून? माझं म्हणणं एवढंच की पैसे कमी असतील तर ते आधी डॉक्टरवर घालावेत. आपल्याकडं नेमकं उलटं होतं.

विश्रामबागेत आमच्या गल्लीतला करडा बोका आजारी पडला. नाक गच्च, डोळ्यांत चिपडं, अन्नाला तोंड लावेना. लगेच एकानं दुधाची पिशवी फोडली, दुसऱ्यानं दुकानातून खाऊचं पाकीट आणलं, आणि एक काका तापाची गोळी कुस्करून घालायला निघाले. काकांना अक्षरशः आडवं जावं लागलं. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. डेटॉलनं पुसणंही तसंच, अंग चाटताना ते पोटात जातं. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध सोसत नाही, जुलाब लागतात आणि अंगातलं होतं नव्हतं पाणी निघून जातं.

नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही तर ते खात नाही. दोन-तीन दिवस उपास पडला की यकृतावर चरबी चढायला लागते. म्हणून फुकटातलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे कोमट, वासाचं खाणं. चिकनवाल्याकडं उरलंसुरलं मागा, मीठ-कांदा-लसूण न घालता उकडा, हाडं काढा, थोड्या पाण्यासकट ठेवा. तरीही तोंड लावलं नाही तर वाट बघत बसू नका.

आता धरायचं कसं? कोंबड्या झाकायचं डालगं. खाणं ठेवायचं, खाली वाकलं की वरून डालगं टाकायचं, खालून जाड पुठ्ठा सरकवायचा आणि चादरीनं सगळं झाकायचं. अंधार झाला की मांजर गप्प होतं. हातानं धरायचं धाडस नको. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि तडक सिव्हिलला जायचं, रेबीजची लस तिथं मिळते. वाचवलेले पैसे आपल्यावरच घालायला नकोत.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हशी-शेळ्यांच्या रांगेत मांजर घेऊन उभं राहिलं की लोक हसतात. हसू द्या, केसपेपर नाममात्र पैशात होतो. डॉक्टरांना लाज न बाळगता सांगायचं: मांजर भटकं आहे, रोज गोळी देणं जमणार नाही, आणि खिशात इतकेच आहेत. मग ते एकदा देऊन काही दिवस पुरणारं इंजेक्शन चालेल का ते बघतात, तपासण्यांतल्या कुठल्या आत्ता नको तेही सांगतात. खासगीतही असं विचारलं तर बहुतेकजण समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

कधीकधी डॉक्टरच म्हणतात, आता हाल करू नका, इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देऊया. तेही ऐकावं. त्या पैशाला वाया गेले म्हणू नये.

आमचा बोका सावरलाय. आता गल्लीत वर्गणी काढून त्याची नसबंदी करायची आहे, म्हणजे रात्रीची भांडणं आणि त्यातून होणाऱ्या जखमा कमी होतील. गणपतीला पावती फाडणारे हात इथं जरा आखडतात, पण देतील. तोवर विश्रामबागेच्या बाजूला कुणाकडं मोठं डालगं पडून असेल तर कळवा. आमचं त्यानं आतून फोडलंय.