गोल्डविंगच्या मागच्या चाकाला कारचा टायर: त्या मेसेजला उत्तर

ऑस्टिनला राहणाऱ्या माझ्या थोरल्या मावसभावाने यंदा जुनी होंडा गोल्डविंग घेतली. २०१० सालची जीएल१८००, सहा सिलिंडर, वजन चारशे किलोच्या वर. विकणाऱ्याने मागच्या चाकाला कारचा टायर बसवलेला होता आणि सोबत एक लांबलचक मेसेजही दिला. इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, रायडर लोकांत तो कित्येक वर्षं फिरतोय. दादाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "अरे, तू उगाच बाईकच्या टायरवर पैसे उधळतोस." फोनवर तासभर समजावलं, पटलं नाही. त्याच्यामागे वहिनी बसते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कारचा टायर तिप्पट चालतो आणि स्वस्त पडतो. रुंद आणि सपाट असल्यामुळे रस्ता जास्त धरतो, पावसात तर फारच. वजनही जास्त पेलतो. त्यावर 'डॉट'चा, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाचा, शिक्का असतो, म्हणजे सरकारने तपासलेला आहे. हजारो लोक वापरतात, कुणाला काही झालेलं नाही. असा टायर लावणारे स्वतःला 'डार्कसायडर' म्हणवतात.

जास्त चालतो, स्वस्त पडतो हे खरं आहे. मान्य. गोल्डविंगचा मागचा टायर दहा-बारा हजार मैलांत संपतो, कारचा सहज तीस हजार जातो. मेसेजमधला हा एकच मुद्दा धड आहे आणि बाकी सगळं त्याच्या आधाराने खपवलं जातं.

आता 'रस्ता जास्त धरतो' हे घेऊ, कारण दादाला सगळ्यात जास्त पटलंय ते हेच. कारचं चाक वळणावरही जवळपास उभंच राहतं, म्हणून तिचा टायर सपाट असतो. बाईक वळते ती कलून. तिचा टायर आडव्या छेदात गोल असतो, म्हणजे कितीही कललात तरी तळहाताएवढा भाग रस्त्याला नीट टेकलेला राहतो. आणि हा गोलपणा नुसता टेकण्यापुरता नाही. घरातला निमुळता पेला टेबलावर आडवा ठेवून हलकेच ढकला. तो सरळ जात नाही, गोल वळतो. कललेला गोल टायर तेच करतो, बाईकला वळणाच्या आत घेतो. बाईकचं वळणं बरंचसं यावर चालतं.

सपाट टायर कलला की त्याची आतली कड दबते आणि बाहेरची बाजू उचलली जाते. म्हणजे ज्या रुंदीचं एवढं कौतुक, ती नेमकी वळणावरच हवेत. शिवाय टेकलेली जागा कलण्याच्या बाजूला सरकते, त्यामुळे बाईक आपणहून उभी व्हायला बघते. ऑस्टिनला गेलो तेव्हा मी ती एका रिकाम्या पार्किंगमध्ये चालवून पाहिली. ताशी २५ मैलांवर मोठा गोल घेताना डावा तळवा हँडलवर सतत दाबून धरावा लागत होता. दाब जरा सैल केला की गाडी सरळ. डांबरात पाणी जायला एक उथळ चर होता, त्यावरून मागचं चाक गेलं तेव्हा पाठीमागून कुणी धक्का द्यावा तशी ती बाजूला सरकली. उतरून टायरशी उकिडवा बसलो. मधली नक्षी नव्यासारखी, आणि दोन्ही कडांचं रबर पार साइडवॉलवरच्या अक्षरांपर्यंत खरवडलेलं.

दादा म्हणाला, सवय होते. होत असेल. पण ती सवय कोरड्या, ओळखीच्या रस्त्यावरची. त्याला जायचंय ट्विस्टेड सिस्टर्सला, म्हणजे टेक्सासच्या हिल कंट्रीतल्या ३३५, ३३६ आणि ३३७ नंबरच्या रस्त्यांवर. तिथे आंधळ्या वळणावर हरिण उभं असतं, कुठे वाहून आलेली खडी असते. तेव्हा अर्ध्या सेकंदात बाईक आणखी कलवावी लागते. त्या क्षणी उलटं ढकलणारा टायर मागे असेल, तर जो जोर कलवायला लागणार तो आधीच हँडल धरून ठेवण्यात गुंतलेला असतो.

पावसाचं म्हणाल, तर सरळ रस्त्यावर, उभ्या बाईकवर, कमी पाण्यात ब्रेक मारला तर कारच्या टायरच्या बारीक खाचा उपयोगी पडतात. एवढं मी मान्य करतो. पण साचलेल्या पाण्यात टायर तरंगायला लागतो त्याचं गणित वेगळं आहे. नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरांवरून एक ठोकताळा मांडला: टायरमधला हवेचा दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला किती पाउंड) घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला १०.३५ ने गुणा, की ताशी किती मैल वेगाला टायर पाण्यावर चढेल ते कळतं. होंडाने गोल्डविंगच्या मागच्या टायरला सांगितलेला दाब ४१ पीएसआय. त्याचे येतात साधारण ६६ मैल. दादाच्या कारच्या टायरमध्ये 'गाडी मऊ चालावी' म्हणून ३० भरलेत. त्याचे येतात ५७. विमानाचा हिशेब बाईकला जसाच्या तसा लागू होत नाही हे मलाही कळतं, पण दाब कमी केला की टायर लवकर तरंगतो, ही दिशा बदलत नाही. आणि सपाट, रुंद टायरला पाणी बाजूला सारायला गोल टायरपेक्षा जास्त कष्ट पडतात ते वेगळंच.

वजनाचा आकडा मेसेजमध्ये बरोबर दिलाय. मूळ टायरचा लोड इंडेक्स ७४, म्हणजे ३७५ किलो. कारच्या टायरचा ८७, म्हणजे ५४५. पण हा आकडा उभ्या चाकाचा आणि कारच्या रिमवरचा. एका कडेवर कललेल्या टायरला तो लावण्यात अर्थ नाही.

आता तो शिक्का. डॉटचा शिक्का सरकार मारत नाही. टायर बनवणारी कंपनी स्वतः मारते, आणि त्याचा अर्थ एवढाच की त्या प्रकारच्या टायरला लागू असलेलं संघीय मानक आम्ही पाळलंय. कारच्या रेडियल टायरला लागू असलेलं मानक आहे १३९ नंबरचं. ते उघडून सुरुवातीचा भाग वाचा. कोणत्या वाहनांच्या टायरसाठी ते आहे हे सांगतानाच लिहिलंय: मोटरसायकली सोडून. स्वच्छ शब्दांत. मोटरसायकलच्या टायरचं मानक वेगळं, ११९ नंबरचं. म्हणजे ज्या शिक्क्यावर बोट ठेवून हे लोक 'तपासलेला आहे' म्हणतात, त्याच शिक्क्यामागचा कागद म्हणतो की बाईकचा विचार इथे केलेलाच नाही. टायरचं बीड, म्हणजे रिमवर घट्ट बसणारी आतून तार असलेली कड, रिमवरून निसटतं का, याची चाचणीही त्या मानकात आहे, पण ती कारच्या टायरसाठी ठरलेल्या रिमवर घ्यायची असते. हे मी दादाला वाचून दाखवलं. तो गप्प बसला, आणि मग म्हणाला, "पण चालतोय ना?"

बीडचाच विषय निघाला म्हणून सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. १६ इंची कारचा टायर आणि १६ इंची बाईकचा टायर, आकडा एकच. पण बीड जिथे बसतं त्या रिमच्या कडेचा आकार दोन्हीकडे वेगळा ठरवलेला आहे. घोटाळा होऊ नये म्हणून तर बाईकच्या टायरवर मापाशेजारी 'एम/सी' छापतात. कारच्या टायरचं बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा भरू नये, हा टायरवाल्यांचा साधा नियम आहे, कारण बीड तुटलं तर टायर स्फोटासारखा उडतो. दादाचा हा टायर ज्याने बसवला त्याने अभिमानाने सांगितलं होतं, "सत्तरपर्यंत नेला तेव्हा कुठे फट्ट करून बसला." म्हणजे बसवतानाच त्याच्यावर काय ताण आला असेल, आणि आतली तार कशी असेल, ते बाहेरून कुणालाच दिसणार नाही.

मेसेजसोबत एक फोटोही आहे, गोल्डविंग आणि मागे कारचे टायर. नीट बघा, मागे दोन चाकं आहेत. ती ट्राइक आहे, तीन चाकांची. ट्राइक कलत नाही, तिला कारचे टायर लावतातच. साइडकारवाल्या बाईकचंही तेच.

राहिलं 'कुणाला काही झालं नाही'. जे पन्नास हजार मैल सुखरूप गेले ते मेसेज लिहितात. जो पडला तो आपल्या टायरबद्दल लिहायला बसत नाही, आणि त्याच्या बायकोलाही ते सुचत नाही.

दादाचं शेवटचं म्हणणं होतं, हा झिजला की बदलतो. मेसेजच्याच हिशेबाने त्याला तीन-चार वर्षं लागतील, आणि ट्विस्टेड सिस्टर्सची ट्रिप पुढच्या महिन्यात आहे. म्हणून दादा, मूळ मापाचा बाईकचा टायर, १८०/६० आर १६, मागवलाय, शुक्रवारी तुझ्या घरी पोचेल. जुना उतरवल्यावर रिमच्या आतल्या कडेवरून सगळीकडे बोट फिरव. ओरखडा किंवा खड्डा लागला तर नवा टायर बसवू नकोस, मला फोन कर, आपण रिम बघू.