लिलिएनफेल्डचं पेटंट 'सगळ्या ट्रान्झिस्टरवर' होतं म्हणे

आमच्या इंजिनियरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय, तुमच्याकडेही फिरत असेलच. मजकूर साधारण असा: "ट्रान्झिस्टर 1926 मध्येच लिलिएनफेल्डने शोधला होता, त्याचं पेटंट इतकं ब्रॉड होतं की जगातला प्रत्येक ट्रान्झिस्टर त्यात येतो, बेल लॅब्सने तो ढापला, पेटंट ऑफिस झोपलं होतं, बेलने त्यावर पैसा छापला, आणि त्याच्याही आधी 1901 ला आपल्या बोसांनी हे सगळं करून ठेवलं होतं." खाली अंगठ्यांची रांग. (ट्रान्झिस्टर म्हणजे छोट्या सिग्नलने मोठा करंट कंट्रोल करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, आणि बेल लॅब्स म्हणजे अमेरिकन टेलिफोन कंपनीची संशोधन प्रयोगशाळा.) मी पेटंट ड्राफ्टिंगमध्ये आहे, त्यामुळे एकाने मला टॅग करून "खरंय का रे हे?" विचारलं, म्हणून लिहितोय.

आधी "ब्रॉड" म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पेटंटमध्ये दोन भाग असतात, वर्णन आणि क्लेम. जमिनीच्या खरेदीखतात कसं, विहीर आहे, आंब्याची पाच झाडं आहेत असं काय काय लिहिलेलं असतं, पण तुमचं किती ते ठरतं चतुःसीमेवरून, पूर्वेला कोण पश्चिमेला कोण. क्लेम म्हणजे ती चतुःसीमा. आणि सीमा लांब टाकली की जमीन वाढते असं नाही, शेजाऱ्याच्या बांधात घुसली की मोजणीत ती उडते. आमच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक इन्व्हेंटर पहिला क्लेम असा लिहून आणतो की त्यात अख्खा तालुका यावा, मग पेटंट ऑफिसचा एक्झामिनर एखादा चाळीस वर्षं जुना कागद काढतो आणि चेहरा उतरतो.

आता लिलिएनफेल्ड, म्हणजे ज्युलियस लिलिएनफेल्ड हा भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेतला त्याचा अर्ज 8 ऑक्टोबर 1926 चा, पेटंट मिळालं 28 जानेवारी 1930 ला, त्याच्या आधी कॅनडात 1925 ला अर्ज केला होता, आणि नंतर 1932 आणि 1933 ला अजून दोन मिळाली. कल्पना काय, तर कॉपर सल्फाइडच्या पातळ थरातून जाणारा करंट बाजूच्या इलेक्ट्रोडच्या विद्युतक्षेत्राने कमीजास्त करायचा. म्हणजे फिल्ड इफेक्ट. बेल लॅब्सच्या बार्डीन आणि ब्रॅटनने 16 डिसेंबर 1947 ला जे चालवलं ते वेगळंच प्रकरण होतं, जर्मेनियमचा तुकडा, त्यावर अगदी जवळजवळ टेकवलेली सोन्याची दोन टोकं, एका टोकातून जर्मेनियममध्ये होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या पॉझिटिव्ह चार्जसारख्या वागतात) घुसतात आणि दुसऱ्या टोकाचा करंट त्यांच्यामुळे बदलतो. इथे क्षेत्राने दुरून दाबायचं नाहीये, चार्ज प्रत्यक्ष आत सोडायचाय. तीन तारा आणि अ‍ॅम्प्लिफिकेशन (सिग्नल मोठा करणं) एवढं साम्य बघून "सगळे त्यात येतात" म्हणायचं तर मग जुन्या रेडिओतला ट्रायोड व्हॉल्व्हही आलाच की त्यात.

"पेटंट ऑफिस झोपलं होतं" हे तर पूर्ण उलटं आहे, आणि मला सगळ्यात मजा इथेच येते. बार्डीन-ब्रॅटनचा बेलमधला बॉस शॉकली, त्याला हवं होतं की फिल्ड इफेक्टच्या मूळ कल्पनेवर त्याच्या नावाने एक भलंमोठं पेटंट घ्यावं, ज्यात पुढचं सगळं येईल. बेलच्या वकिलांनी शोधाशोध केली तर लिलिएनफेल्ड सापडला आणि तो बेत तिथेच बारगळला. फेब्रुवारी 1948 मध्ये टाकलेल्या सुरुवातीच्या अर्जांमधल्या बऱ्याच क्लेमनाही हीच जुनी पेटंटं आडवी आली. बार्डीन-ब्रॅटनचा अर्ज जून 1948 मध्ये नव्याने टाकला गेला आणि 3 ऑक्टोबर 1950 ला मंजूर झाला, त्यावर शॉकलीचं नाव नाही. शॉकलीला पुढे 1951 ला मिळालं ते जंक्शन ट्रान्झिस्टरचं, ज्यात लिलिएनफेल्ड आडवा येत नव्हता.

अजून एक गोष्ट फॉरवर्डवाल्याने बघितलीच नाही. त्या काळी अमेरिकेत पेटंट मंजूर झाल्यापासून 17 वर्षं चालायचं. 1930 अधिक 17, म्हणजे लिलिएनफेल्डचं पहिलं पेटंट जानेवारी 1947 मध्येच संपलं, बेलचं डिव्हाइस चालायच्या जवळपास अकरा महिने आधी! (उरलेली दोन 1949 आणि 1950 पर्यंत जिवंत होती, पण त्यांच्यातही सोन्याची टोकं आणि होल्स नव्हते.) संपलेल्या पेटंटवर रॉयल्टी मागता येत नाही, पण प्रायर आर्ट (आधीच जाहीर असलेलं ज्ञान, ज्यावर नवं पेटंट मिळत नाही) म्हणून ते कायम उभं राहतं.

जगदीशचंद्र बोसांबद्दल थोडक्यात. 1901 चा अर्ज आणि 1904 ला मिळालेलं अमेरिकन पेटंट, दोन्ही खरं आहे, गॅलिना हे शिशाचं खनिज वापरून रेडिओ लहरी पकडायचा डिटेक्टर, अभिमान वाटावा असंच काम. पण त्यात तिसरं टोक नाही, अ‍ॅम्प्लिफिकेशन नाही, तो ट्रान्झिस्टर नाही. आहे तेवढं पुरेसं मोठं आहे, उगाच फुगवू नका.

पैसा? 1952 मध्ये बेलने 25,000 डॉलर घेऊन लायसन्स वाटली, आणि 1956 मध्ये सरकारी खटल्याच्या तडजोडीत आधीची पेटंटं बहुतेकांना रॉयल्टीशिवाय खुली करावी लागली. पैसा छापणं ते हे नव्हे.

मग फॉरवर्डमध्ये खरं काहीच नाही का? आहे ना. शॉकली आणि पिअरसनने 1948 मध्ये फिल्ड इफेक्टवर पेपर छापला आणि त्यात लिलिएनफेल्डचा साधा उल्लेख नाही, हे मलाही खटकतं. पण दुसऱ्या बाजूने, लिलिएनफेल्डने चालतं डिव्हाइस कुठे मांडून दाखवलेलं नाही. सेमीकंडक्टरच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि बाहेरचं क्षेत्र आत पोचूच देत नाहीत, हे बार्डीनने नंतर मांडलं, 1926 ला ना ते कोणाला माहीत होतं ना तेवढं शुद्ध मटेरियल मिळत होतं.

तरी त्याच्या 1933 च्या पेटंटचं चित्र बघाच. खाली अ‍ॅल्युमिनियम, त्यावर ऑक्साइडचा पातळ इन्सुलेटर, त्यावर कॉपर सल्फाइड. तुमच्या फोनच्या चिपमधला फिल्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर म्हणजे मॉसफेट, त्याचा खापरपणजोबा वाटतो. आणि तरीही बेलच्याच दावोन कांगला 1960 च्या अर्जावर मॉसफेटचं पेटंट मिळालं, कारण त्याने "क्षेत्राने करंट कंट्रोल करणं" मागितलं नाही, ठरावीक रचना मागितली, त्याने आणि सहकारी अटालाने सिलिकॉनवर ऑक्साइड वाढवून खरोखर चालवलेली. ते मंजूर झालं 27 ऑगस्ट 1963 ला. लिलिएनफेल्ड वारला त्याच्या दुसऱ्या दिवशी.