'आठवड्यात ऑफिस' हे खरंय, पण अर्धंच : हनुवटीच्या सर्जरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की हनुवटीचा आकार बदलायच्या सर्जरीवरचा माझा लेख वाचून तुमच्या बहिणीने ठरलेली तारीख पुढे ढकलली, डॉक्टर "आठवड्यात ऑफिसला जाल" म्हणतात आणि मी सूज, बधिरपणा, सहा महिने असलं काहीबाही लिहून लोकांना घाबरवते. आणि इम्प्लांट बसवायचं की हाड कापायचं ते डॉक्टर बघतील, पेशंटने त्यात डोकं कशाला घालायचं.

आधी पहिलं. आठवडा-दहा दिवसांत बरेच जण खरंच ऑफिसला जातात, मीही गेले होते. पण ऑफिसला जाता येणं वेगळं आणि चेहरा तयार होणं वेगळं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सूज वाढतच जाते, हे आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस आरशात बघून हादरतो, हनुवटी चौकोनी आणि भलतीच मोठी दिसते, काळंनिळं मानेपर्यंत उतरतं. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते, पण शेवटची बारीक सूज उतरून खरा आकार दिसायला काही महिने लागतात. त्या मधल्या काळात "हे काय करून बसले मी" म्हणून रात्ररात्र रडणाऱ्या मुलींचे मेसेज मला येतात हो, आणि त्यातल्या बहुतेकींचं सगळं नॉर्मल चाललेलं असतं, फक्त आधी कुणी नीट बोललेलं नसतं. म्हणून मी महिन्यांची भाषा करते.

आता बधिरपणा. खालच्या दाढांच्या थोडं पुढे, जबड्याच्या हाडातल्या एका छोट्या भोकातून एक नस बाहेर येते, ती खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. सर्जरीत ती कापायची नसतेच, पण तिच्या आसपास काम होतं, ती ताणली जाते आणि मग ओठ मेल्यासारखा वाटतो. ओठ हलवणारी नस वेगळी असते, त्यामुळे या बधिरपणाने तोंड वाकडं होत नाही, पण जाणीव नसणं म्हणजे काय ते ऐका: चहा किती गरम आहे ते ओठाला कळत नाही आणि भाजतं, भाताचं शीत हनुवटीला चिकटलेलं असतं आणि समोरचा सांगेपर्यंत पत्ता नसतो, सूज असेपर्यंत 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ नीट मिटत नाहीत, फोनवर लोक "काय म्हणालात?" विचारतात. मी चहा कोमट करून स्ट्रॉशिवाय छोट्या वाटीने प्यायचे. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते, येताना मुंग्या येतात, टोचतं. थोड्या लोकांना मात्र एखादा पट्टा कायमचा बधिर राहतो. हे सहीच्या कागदावर बारीक अक्षरात असतं, मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं, एवढंच.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं तुमच्याशी अजिबात पटत नाही. निर्णय डॉक्टरांचा, मान्य, पण प्रश्न पेशंटने विचारायलाच हवेत, कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. इम्प्लांट म्हणजे बहुतेक वेळा सिलिकॉनचा तुकडा, हनुवटीखालच्या छोट्या चिरेतून किंवा तोंडातून हाडावर बसवतात, काम लवकर होतं, पण तो सरकू शकतो, इन्फेक्शन झालं तर बऱ्याचदा काढावाच लागतो. स्लायडिंग जेनिओप्लास्टीत तुमचंच हाड दातांच्या मुळांच्या खाली कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमची प्लेट-स्क्रू लावून पक्कं करतात, हनुवटीची उंची कमी-जास्त असेल किंवा ती एका बाजूला असेल तर हे जास्त कामाचं, पण सर्जरी मोठी. फिलर, म्हणजे आकार भरून काढणारं जेल, टोचून तात्पुरतं बघता येतं, तो साधारण वर्ष-दीड वर्षात विरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या बहिणीच्या बाबतीत कुणी तपासलंय का ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही: तिचे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात? खालचा जबडाच मागे असेल तर नुसती हनुवटी पुढे आणून दात तसेच राहतात, आणि उद्या ब्रेसेस लावून जबड्याची सर्जरी करायची ठरली तर पुढे आणलेली हनुवटी आणखी पुढे जाईल. रात्री जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायला हवं. दात आणि जबडा तपासायला बाजूने काढलेला एक्स-रे, सेफॅलोग्राम म्हणतात त्याला, तो दाखवून ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. फोनच्या सेल्फीवरून तर काहीच ठरवू नका, कॅमेरा जवळ असला की नाक मोठं दिसतं आणि हनुवटी त्या मानाने लहान.

खर्चाचं तुम्ही विचारलंय, तर फक्त दिसण्यासाठी केलेली सर्जरी आपल्याकडे हेल्थ इन्शुरन्समध्ये धरत नाहीत, अपघातानंतरची दुरुस्ती वगैरे असेल तर गोष्ट वेगळी.

तारीख पुढे ढकलली म्हणून तिच्यावर चिडू नका, प्लीज. तिला करायचीच असेल तर मी तिच्या बाजूने आहे, मला माझी केल्याचा आनंदच आहे. एक्स-रे झाला आणि तोंडातून चीर द्यायची ठरली की तिला मला मेल करायला सांगा, त्या पहिल्या आठवड्यात मी काय काय पातळ करून खायचे आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरून टाके कसे स्वच्छ ठेवायचे ते सगळं लिहून पाठवते.