‘आमच्याकडे असा फॉरमॅट नाही’ म्हणजे काय?

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी, तिथल्या सरकारचं आमंत्रण आलं की अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. मुदतवाढ नाही. आणि हे दिवस खातं कोण? ‘असा फॉरमॅट नाही’ म्हणणारा बँकेचा काउंटर आणि कंपनीचा एचआर!

पैशांच्या पुराव्याचं पत्रच घ्या. लेटरहेडवर बँकेचा पत्ता, फोन, ईमेल. खाली प्रत्येक खात्याचा नंबर, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, आणि क्रेडिट कार्ड, कर्ज वगैरे जी देणी असतील ती. बस, एवढंच. यातली एकही गोष्ट गुप्त नाही, सगळी बँकेच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. पण हातात काय पडतं? नाव, नंबर, शिल्लक, गोल शिक्का. सरासरी विचारली की ‘सिस्टीममधून एवढंच निघतं.’ अहो, मग टाइप करा ना! माणसाची वर्षानुवर्षांची तयारी तुमच्या एका ओळीवर अडली आहे. काउंटरवर वाद घालू नका. मजकूर स्वतः टाइप करून शाखा व्यवस्थापकाला ईमेल करा आणि लेखी उत्तर मागा. एफडी असतील तर त्याही त्याच पत्रात मागा.

एचआरचा तर संतापच येतो. ऐरोली-महापे पट्ट्यात इतक्या आयटी कंपन्या, तरी अनुभवाचं पत्र तेच: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, पद सीनियर एक्झिक्युटिव्ह, पुढील वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छा नकोत हो, कामाचं स्वरूप लिहा! आठवड्याचे तास, वार्षिक पगार, भत्ते लिहा. कामं लिहिलेली नसली तर कॅनडाचा अधिकारी अनुभव एनओसी कोडशी (तिथल्या व्यवसायांच्या यादीतल्या क्रमांकाशी) जुळवणार कसा? तो अनुभव धरलाच जात नाही, आणि अर्ज नाकारला जाऊ शकतो. एचआर हटूनच बसला तर वरिष्ठांचं सहीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि हे असं का जोडलंय याचा खुलासा, सगळं एकत्र द्या.

नावांचा घोळ वेगळाच. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. कुठे दीपालीचे दोन ‘ई’, कुठे एक ‘आय’. लग्नात बाईचं नावच बदललं असेल तर राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्याची चळत लावा. मराठी जन्मदाखल्याच्या भाषांतरावर नुसता नोटरीचा शिक्का मारून आणू नका. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं स्वतःचं शपथपत्र लागतं, आणि घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, त्याला भाषा कितीही येत असो.

पीसीसी, म्हणजे पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याचा अर्ज, मात्र आमंत्रणाच्या दुसऱ्याच दिवशी टाका. फी ५०० रुपये, पण वेळ जातो तो पडताळणीत. कळव्याहून ऐरोलीला घर बदललं की पोलीस आयुक्तालयच बदलतं, आणि पासपोर्टवर जुना पत्ता असला की फाइल अडू शकते.

एवढं सगळं जमवून अपलोड करायला बसावं, तर एका कागदाला एकच जागा, आणि फाइल ४ एमबीच्या आत. म्हणजे बारा पानं जोडा, दाबून लहान करा, आणि मग बघा, बँकेचा शिक्का अजून वाचता येतोय का. नसेल वाचता येत, तर परत त्याच काउंटरवर.