१९९१चं सोनं विकलं नव्हतं, आणि ते ३३ वर्षं गहाणही नव्हतं

मे २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधलं सुमारे १०० टन सोनं भारतात हलवल्याची बातमी आली आणि त्या रात्रीपासून एक मजकूर घराघरांतल्या ग्रुपवर फिरू लागला. तो अजून थांबलेला नाही. मजकूर थोडक्यात असा: '१९९१ साली मनमोहन सिंग यांनी देशाचं सगळं सोनं इंग्लंडला विकलं. काँग्रेसने देश बुडवला होता. ते सोनं ३३ वर्षं तिथे गहाण पडलं होतं, ते आता सोडवून आणलं.' याच मजकुराची दुसरी आवृत्ती सगळा दोष १९९१च्या सुरुवातीचे पंतप्रधान चंद्रशेखर आणि त्यांचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांच्यावर टाकते. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि १९९१ हे आपल्या इतिहासातलं इतकं महत्त्वाचं वर्ष आहे की ते असं विद्रूप होताना गप्प बसवत नाही.

आधी हे बघा की मजकूर स्वतःलाच खोडतो. विकलेलं सोनं सोडवता येत नाही आणि गहाण सोनं विकलेलं नसतं. प्रत्यक्षात देशाकडचं परकीय चलन संपत आलं होतं, म्हणून तेव्हा दोन वेगवेगळे व्यवहार झाले होते. पहिला मे १९९१ मधला. तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं सरकारने स्टेट बँकेला दिलं आणि स्टेट बँकेने ते स्वित्झर्लंडच्या युनियन बँकेला, पुन्हा विकत घेण्याचा हक्क राखून, विकलं. त्यातून सुमारे २० कोटी डॉलर मिळाले. कागदावर ही विक्री होती हे खरं, पण परतीची वाट करारातच लिहिलेली होती. दुसरा व्यवहार जुलैमधला. ४ ते १८ जुलैदरम्यान रिझर्व्ह बँकेचं ४६.९१ टन सोनं विमानाने बाहेर गेलं आणि ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४०.५ कोटी डॉलरचं कर्ज उचललं गेलं. त्या वेळच्या भावाने या सोन्याची किंमत ५० कोटी डॉलरच्या वर होती. विकलं असतं तर पूर्ण किंमत हातात आली असती. पेरणीच्या तोंडावर घरातली पाटली सराफाकडे ठेवून पैसे उचलणाऱ्याला कुणी 'दागिने विकून खाल्ले' म्हणत नाही.

'सगळं सोनं' हाही खोटा शब्द. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा ३०० टनांहून जास्त सोनं होतं. त्यातला सातवा हिस्साही बाहेर गेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यानेच सोन्याचा ८५ टक्के भाग देशात ठेवणं बंधनकारक होतं.

आता 'कुणी केलं' हा प्रश्न. खरा खोडसाळपणा इथे आहे, म्हणून तारखा नीट लावून पाहू. चंद्रशेखर यांचं सरकार काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं. राजीव गांधींच्या घरावर हरियाणाच्या पोलिसांनी पाळत ठेवल्याच्या आरोपावरून काँग्रेस बिनसली आणि ६ मार्च १९९१ रोजी चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. दोनच दिवस आधी अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांना पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी अंतरिम अर्थसंकल्प मांडावा लागला होता. कर्ज देणारे कुठलंही आश्वासन मागण्याआधी विचारत होते की तुमचं सरकार टिकणार का, आणि याला दिल्लीत उत्तर नव्हतं. मेमधला स्टेट बँकेचा व्यवहार या काळजीवाहू सरकारच्या काळात झाला. २० मे रोजी मतदानाचा पहिला टप्पा पार पडला, २१ मेच्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि उरलेलं मतदान जूनच्या मध्यावर ढकललं गेलं. २१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले, मनमोहन सिंग अर्थमंत्री. सोन्याची जुलैमधली खेप त्यांच्या कारकिर्दीत गेली, पण रिझर्व्ह बँकेतली तयारी आधीपासून चालू होती. गव्हर्नर एस. वेंकिटरमणन आणि डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन दोन्ही सरकारांत तेच होते.

म्हणजे एका सरकारने सुरू केलेलं अप्रिय काम दुसऱ्या, विरोधी पक्षाच्या सरकारने पुढे नेलं. ते मोडीत काढून आधीच्यांच्या नावाने बोटं मोडणं नव्या सरकारला सोपं होतं. तसं झालं असतं तर देशाचा परदेशी कर्जाचा हप्ता चुकला असता. मला त्या वर्षातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, आणि फिरणारा मजकूर नेमकी तीच पुसून टाकतो.

'काँग्रेसने देश बुडवला होता' यात सत्याचा अंश आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. ऐंशीच्या दशकात सरकारं उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करत गेली, परदेशी कर्ज वाढत गेलं, आणि त्यात अल्पमुदतीच्या कर्जाचा वाटा धोकादायक होता. १९९०-९१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास होती. त्या दशकात बराच काळ काँग्रेसच सत्तेत होती. पण २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळलं, खनिज तेलाचे भाव काही आठवड्यांत दुपटीवर गेले, आणि आखातातून येणारा पैसा आटला. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. केरळसोबत आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांची चूल या पैशावर पेटत होती. पाठोपाठ अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. हा धक्का चंद्रशेखर यांच्या आधीचे पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांच्या काळात बसला आणि चंद्रशेखर यांना निस्तरावा लागला. जानेवारी १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १८० कोटी डॉलर घेतले, तेही पुरले नाहीत. जूनमध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती.

आणि 'बुडाला' म्हणाल, तर देश बुडाला नाही. भारताने एकही हप्ता चुकवला नाही. ते सोनं बाहेर गेलं होतं ते यासाठीच.

राहिला शेवटचा आणि सगळ्यांत जास्त पसरलेला दावा, ३३ वर्षं गहाण पडल्याचा. तारणावरचं कर्ज १९९१ सालातच फेडलं गेलं. स्टेट बँकेने विकलेल्या सोन्यापैकी १८ टनांहून जास्त सोनं परत घेऊन रिझर्व्ह बँकेच्या खात्यात जमा झालं. मुद्दा इथे गुंतागुंतीचा होतो हेही सांगतो: सोडवलेलं सोनं मुंबईला आणलं नाही, ते परदेशातच ठेवलं गेलं. पण ते मोकळं होतं आणि रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं होतं. लंडन हा सोन्याचा मोठा बाजार आहे, तिथे ठेवलेलं सोनं गरज पडल्यास लगेच वापरता येतं, म्हणून अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका आपलं सोनं तिथे ठेवतात. नंतर ही ठेव वाढली. नोव्हेंबर २००९ मध्ये आपण नाणेनिधीकडून २०० टन सोनं ६७० कोटी डॉलरना विकत घेतलं, तेही परदेशातच राहिलं, आणि २०१७ च्या अखेरीपासून रिझर्व्ह बँक थोडं थोडं सोनं सातत्याने घेत आली आहे.

साधी वजाबाकी करून पाहा. जुलै १९९१ मध्ये गेलेलं सोनं ४६.९१ टन आणि २०२४ मध्ये आलेलं सुमारे १०० टन. न गेलेलं सोनं 'सोडवून' कसं येईल? जून २०२४ मध्ये तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी स्वतःच सांगितलं की देशात साठवणुकीची पुरेशी क्षमता आहे म्हणून काही सोनं इथे आणलं, यातून वेगळा अर्थ काढू नये. मार्च २०२४ अखेर देशात ४०८ टन होतं, सप्टेंबर अखेर ५१० टन झालं. त्याच सप्टेंबरात आपलं आणखी ३२४ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि स्वित्झर्लंडमधल्या बासेलची 'बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स' (मध्यवर्ती बँकांची बँक) यांच्याकडे होतं, आणि तेही कुणाकडे गहाण नव्हतं.